फोटोग्राफरला नेमकं काय सांगायचं?

ताई, "छान काढा" एवढंच सांगून बसलात तर त्याच्या मनातलं छान मिळेल, तुमच्या मनातलं नाही. फोटो कशाला हवा ते आधी बोला: स्थळासाठी, ऑफिसच्या प्रोफाइलला की भिंतीवर? घरात ८ बाय १०ची फ्रेम पडून असेल तर तेही सांगा. बहुतेक कॅमेऱ्यांचा फोटो ३:२ मापाचा येतो, त्या फ्रेमसाठी कडा कापाव्या लागतात. आधी माहीत असलं की तो बाजूला जागा सोडतो.

पैठणी नेसणार असाल तर पदर दिसलाच पाहिजे म्हणा. नाहीतर चेहरा जवळून घेतात आणि मोर राहतात फ्रेमबाहेर! समोरून थेट फ्लॅश मारला की पदराची जर पांढरी पडते. उजेड बाजूनं, मऊ हवा.

खरी भांडणं होतात एडिटिंगवरून. चेहरा दोन शेड उजळ करून देणं ही सेवाच, असं आपल्याकडं काही जणांना अजून वाटतं. "माझा रंग आहे तसा ठेवा, हनुवटीवरचा तीळही" हे फोटो काढायच्या आधी सांगायचं, अल्बम हातात आल्यावर नाही. आवडलेले दोन-तीन फोटो मोबाइलवर दाखवा आणि न आवडलेला एक तरी दाखवाच; त्यातून जास्त कळतं.

बीबी का मकबऱ्यात काढायचे असतील तर ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ती कोण काढणार ते ठरवा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद. किती फोटो, किती दिवसांत, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनच घ्या.