महिन्याला एकच तास उडायला मिळत असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पीपीएल (खाजगी वैमानिकाचा परवाना) हातात आहे, घर-नोकरी चिपळूणला, विमान मिळतं ते घाटापलीकडे बारामतीला, तेही महिन्याला जेमतेम तासभर. पावसाळा सरला की पत्नीला घेऊन किनाऱ्याच्या कडेने रत्नागिरी-मालवणपर्यंत जायचंय. तोवर हात कसा तयार ठेवायचा?

मेडिकलची मुदत आणि अलीकडच्या उड्डाणांचे नियम सांभाळावेच लागतात, पण ते पुरेसे नाहीत. अमेरिकेत दर २४ महिन्यांनी इन्स्ट्रक्टरबरोबर किमान एक तास जमिनीवर आणि एक तास हवेत उजळणी करावी लागते. प्रवासी न्यायचा तर मागच्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली हवीत. तिथल्या विमान वाहतूक नियामकाची, एफएएची, ‘विंग्ज’ नावाची ऐच्छिक योजनाही आहे. तिच्या एका टप्प्यात तीन भाग अभ्यासाचे आणि तीन उड्डाणाचे असतात. टप्पा पूर्ण केला की तो त्या उजळणीच्या जागी धरला जातो. आपण उचलावी ती यातली वाटणी: अर्धं काम जमिनीवर, आणि तेही वर्षभर थोडं थोडं.

आता तो एक तास. ओळखीच्या धावपट्टीवर, शांत हवेत गुळगुळीत सर्किटं (धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या) मारण्यात तो घालवू नका. हात आधी गंजतो तो क्रॉसविंडमध्ये (आडव्या वाऱ्यात), आणि किनाऱ्यावर नेमका तोच लागतो. कोकणात उन्हाळ्याच्या दिवसांत दुपारी समुद्रावरचा वारा वाढत जातो. समजा धावपट्टी २७ (म्हणजे २७० अंशांच्या दिशेची) आहे आणि वारा ३१० अंशांवरून १५ नॉट. फरक ४० अंशांचा, म्हणजे आडवा वारा साधारण १० नॉट. मनातल्या मनात करायचं तर ३० अंशांना निम्मा, ४५ ला पाऊण, ६० च्या पुढे जवळजवळ सगळा. सेस्ना १५२ या छोट्या विमानाच्या पुस्तकात सिद्ध केलेला आडवा वारा १२ नॉट आहे, १७२ चा १५. विमान सोसेल, पण महिनाभर न उडालेला हात सोसेलच असं नाही. स्वतःची मर्यादा सुरुवातीला ७-८ नॉटच ठेवा आणि लिहून ठेवा. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे चाकं टेकली की एलेरॉन (पंखांच्या कडेच्या झडपा) सोडून देणं. वेग उतरतो तसा एलेरॉनचा असर कमी होतो, म्हणून तो वाऱ्याकडे वाढवत न्यायचा असतो. बेस लेगवर (उतरण्याआधीच्या आडव्या टप्प्यावर) वारा पाठीमागून असेल तर फायनल, म्हणजे धावपट्टीची सरळ रेषा, ओलांडली जाते आणि पाय नकळत रडर (शेपटीचं सुकाणू) दाबून नाक आत ओढतो. कमी उंचीवर, कमी वेगात असा स्किड (विमान वळणाबाहेर घसरणं) झाला की स्टॉलचं (पंखांची उचल संपणं) रूपांतर स्पिनमध्ये (गिरक्या घेत कोसळणं) व्हायला वेळ लागत नाही. फायनल हुकली तर गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाणं. दर तासात निदान दोन गो-अराउंड मुद्दाम करा, एक अगदी फ्लेअरमधून (टेकण्याआधी नाक वर धरतो त्या क्षणी).

दर दुसऱ्या महिन्याला वीस मिनिटं हूडखाली (बाहेरचं न दिसू देणाऱ्या झापडीखाली) घालवा. समुद्रावर सकाळी किंवा उतरत्या उन्हात धुरकट असलं की पाणी आणि आकाश एक होतं, क्षितिज दिसत नाही. दृश्यमानता कागदोपत्री ५ किलोमीटर असली तरीही. १९९९ च्या जुलैत राष्ट्राध्यक्ष केनेडींचे चिरंजीव जॉन केनेडी ज्युनियर यांचं विमान अशाच धूसर हवेत, रात्री समुद्रावरून जाताना उंची कमी करत असताना कोसळलं. तपासात कारण निघालं ते दिशाभ्रमाचं. तुम्हाला आयएफआर (उपकरणांच्या आधारे उडणं) शिकायचं नाही, एकच गोष्ट पक्की करायची आहे: फक्त उपकरणांवर नजर ठेवून, उंची न सोडता मागे वळणं. स्टँडर्ड रेटने सेकंदाला ३ अंश, म्हणजे १८० अंशांना एक मिनिट. ९० नॉटला बँक (पंखांचा कल) सुमारे १५ अंश. त्याहून जास्त बँक घेऊ नका. हे वळण आपोआप यायला हवं, कारण वळायची वेळ येते तेव्हा विचार करायला सवड नसते.

कार्ब्युरेटरमधला (इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागातला) बर्फ हा देशावर शिकलेल्यांच्या ध्यानात न येणारा विषय. ‘कोकणात ३२ अंशांत बर्फ कुठून?’ असं वाटतं. पण व्हेंच्युरीत (त्यातल्या अरुंद गळ्यात) हवा पसरते, पेट्रोलची वाफ होते आणि तापमान झपाट्याने खाली येतं. दमट हवेत बाहेर ३५ अंश असतानाही, विशेषतः उतरताना पॉवर कमी असते तेव्हा, बर्फ धरू शकतो. फिक्स्ड पिच (पात्यांचा कोन न बदलणाऱ्या) प्रोपेलरच्या विमानात पहिली खूण म्हणजे आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) हळूहळू घसरणं. कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ) पूर्ण ओढा, अर्धवट नको. आधी आरपीएम आणखी पडेल, इंजिन खडखडेल, कारण वितळलेलं पाणी आत जातं. घाबरून कार्ब हीट परत आत ढकलू नका, थोड्या वेळाने आरपीएम वर येतो. हा भाग १५२ आणि जुन्या १७२ साठी. १७२ आर आणि एस फ्युएल इंजेक्शनच्या असतात. विमान किनाऱ्यावर मुक्कामाला असेल तर टाकीच्या तळातून ड्रेन करताना पेट्रोलचा नमुना नीट पाहा: अर्ध्या भरलेल्या टाकीत दव जमून पाणी तळाशी उतरतं. कपात सगळंच पाणी आलं तर थर दिसत नाही, म्हणून १०० एलएलचा (विमानाच्या पेट्रोलचा) निळा रंग आणि वास दोन्ही तपासा.

उष्णतेचा हिशोबही घरी बसून होतो. समुद्रसपाटीला ३४ अंश म्हणजे प्रमाण तापमानापेक्षा १९ ने जास्त. अंशाला १२० फूट धरले तर डेन्सिटी अल्टिट्यूड (विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) २२०० फुटांच्या वर. टेकऑफचं अंतर विमानाच्या पुस्तकातल्या ३० आणि ४० अंशांच्या रकान्यांतून काढा.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो इंजिन बंद पडल्यावरच्या जागेला. १७२ साधारण हजार फुटांना दीड नॉटिकल मैल तरंगते, तेही समोर वारा नसेल तर. रत्नागिरी ते चिपी (सिंधुदुर्गचा विमानतळ) सरळ रेषेतही शंभराहून जास्त किलोमीटर आहे, त्यामुळे मधल्या जागा आधीच ठरवायला हव्यात. कातळाचे सडे (पठारं) वरून मैदानासारखे दिसतात, पण जांभ्याचे उंचवटे, चिरेखाणीचे खड्डे आणि गडगे (दगडी कुंपणं) असतात; पावसाळ्यानंतर गवत ते सगळं झाकतं. भातखाचरांचे बांध जवळजवळ, माड-सुपारीच्या बागांत तर विचारच नको. पुळण (वाळूचा किनारा) हा बऱ्याचदा सगळ्यात बरा पर्याय, पण ओहोटीला. पाण्यालगतची ओली वाळू घट्ट असते. वरची कोरडी वाळू पुढचं चाक गिळते आणि विमान उलटतं. म्हणून निघण्याआधी भरतीची वेळ काढा. मच्छीमारांचा जुना हिशोब चालतो: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, ओहोटी सकाळ-रात्री नऊच्या आसपास. उडताना पुळण तरंगून गाठता येईल इतकंच पाण्यावर जा. सुट्टीच्या दिवशी पुळणीवर माणसं असतात, होड्या ओढलेल्या असतात, हेही धरून चला. रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दलाचा आणि दाबोळी नौदलाचा, त्यामुळे परवानगी हातात नसताना त्यांना नेहमीचे पर्यायी विमानतळ म्हणून आराखड्यात धरू नका.

दर तासात एकदा तुम्हाला पूर्वसूचना न देता पॉवर काढायला इन्स्ट्रक्टरला सांगून ठेवा. पहिलं काम ग्लाइडचा वेग, मग जागा, मग इंजिन पुन्हा सुरू करायचा प्रयत्न. हा क्रम खुर्चीत बसून, हात फिरवत रोज पाच मिनिटं म्हणता येतो. त्याला पैसे लागत नाहीत.

पत्नीला नेण्याच्या आधी ९० दिवसांतली तीन लँडिंग भारतात मागत असोत वा नसोत, तुम्ही करा, आणि त्यांतलं एक क्रॉसविंडमध्ये. लाइफ जॅकेट सीटखाली न ठेवता निघतानाच दोघांनी घाला. तिला जमिनीवरच दाखवा: पाण्यावर उतरायची वेळ आली तर टेकण्याआधी दाराची कडी उघडायची, एक हात दाराच्या चौकटीवर ठेवायचा, पट्टा विमान थांबल्यावर सोडायचा, आणि जॅकेट बाहेर पडल्यावरच फुगवायचं. आत फुगवलं तर ते छताला चिकटवतं. हे सगळं तिच्याकडून डोळे मिटून दोनदा करून घ्या.