टाइप १ मधुमेह: पाच वर्षांच्या मुलाला काय सांगायचं?

ताई, आधी तुम्ही जरा दम घ्या. सगळं एकाच दिवशी समजावायची घाई, हीच सुरुवातीची मोठी चूक.

या वयाला एवढं पुरतं: "सोसायटीचा वॉचमन चोरांना अडवतो ना? तुझ्या पोटातल्या वॉचमननं चुकून घरच्याच माणसांना हाकललं. ती इन्सुलिन बनवायची. म्हणून आता आपण ते सुईनं देतो." (वॉचमन म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्ती, घरची माणसं म्हणजे इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं द्रव्य, बनवणाऱ्या पेशी.) स्वादुपिंड (या पेशी असतात तो पोटातला अवयव), अँटिबॉडी (रोगप्रतिकारशक्ती तयार करते ती प्रथिनं) हे शब्द नंतर.

दोन गोष्टी मात्र पुन्हा पुन्हा सांगा:

- तुझं काही चुकलं नाही, हे चॉकलेटनं होत नाही. (मुलं न विचारताच स्वतःला दोष देतात, म्हणून त्यानं विचारायची वाट बघू नका.)
- हे तुझ्यापासून कुणाला होत नाही. बहिणीला खुशाल मिठी मार.

"दुखणार नाही" असं खोटं बोलू नका. "थोडं टोचेल, मी हात धरते" म्हणा. "लवकर बरा होशील" हेही नको, इन्सुलिन रोज लागणारच आहे.

आजी-आजोबांनाही हीच वाक्यं शिकवा. गणपतीत पुण्यात घरोघरी मोदक पुढे येतात आणि कुणीतरी मुलासमोरच म्हणतं, "गोड फार खायचा ना!" तिथल्या तिथे, शांतपणे खोडून काढा. बालवाडीच्या बाईंना साखर उतरल्याची लक्षणं लिहून द्या: घाम, थरथर, अचानक चिडचिड. कार्ब (खाण्यातले पिष्ट आणि साखर) मोजणं त्याला पुढे शिकवू.