हातमोजा नको, पट्ट्या करा. आणि मनगट मोजायला विसरू नका

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडिलांना आठ महिन्यांपूर्वी उजव्या अंगाचा अर्धांगवायू झाला, आता बोटं थोडी थोडी हलायला लागली आहेत. रोजचा फरक कळावा म्हणून तुम्ही रेझिस्टिव्ह फ्लेक्स सेन्सर (वाकवल्यावर विद्युतरोध बदलणाऱ्या पट्ट्या) लावून हातमोजा केलात, पण दोन महिन्यांत सरळ बोटाचाच आकडा सरकत गेला. ऑप्टिकल फायबरचा मोजा घरी जमेल का, पाच हजारांत बसेल का आणि अंगठ्याचं काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. जमेल आणि बसेलही. अंगठ्याचं शेवटी सांगते. मी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काम करते आणि हेच सगळं माझ्या आत्यासाठी करून बसले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, मोजा शिवू नका. मी शिवला होता, स्वतःच्या हाताच्या मापावर. आत्याची मूठ आवळलेली असायची, अंगठा आत आणि चार बोटं त्याच्यावर. एक बोट उलगडून खोळीत घालेपर्यंत दुसरं मिटायचं. करंगळी दोनदा अनामिकेच्या खोळीत गेली. वीस मिनिटं आम्ही दोघी झगडलो, आणि मोजा चढला तेव्हा ती इतकी दमली होती की त्यानंतर घेतलेले सगळे आकडे दमलेल्या हाताचे होते. तिच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मग समजावलं की ताठरलेला स्नायू झटक्यानं ताणला की तो उलट जास्त आवळतो. म्हणजे मोजा चढवण्याच्या खटपटीनंच मूठ घट्ट होत होती. त्या दिवशी मोजा बाजूला ठेवला तो कायमचा. प्रत्येक बोटाला वेल्क्रोच्या दोन अरुंद पट्ट्या, हाताच्या पाठीवर एक मऊ पट्टा आणि त्यावरून जाणारं फायबर, एवढंच ठेवलं. तळवा पूर्ण मोकळा. मूठ न उलगडता पट्ट्या बसतात, कारण बोटांची पाठ मिटलेल्या मुठीतही बाहेरच असते.

आता फायबर. ही कल्पना नवी नाही. 1977 मध्ये शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात टॉम डिफँटी आणि डॅन सँडिन यांनी सेयर ग्लोव्ह नावाचा, बोटांचं वळण मोजणारा मोजा केला. लवचिक नळीच्या एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला फोटोसेल, बोट वळलं की प्रकाश कमी. 1987 च्या सुमाराला व्हीपीएल कंपनीचा डेटाग्लोव्ह आला, त्यात नळीच्या जागी खरं ऑप्टिकल फायबर होतं आणि सांध्याच्या जागी ते मुद्दाम खरवडलेलं होतं. त्या खरवडण्यातच सगळी मेख आहे.

प्लॅस्टिक फायबरचा गाभा ॲक्रिलिकचा असतो, अपवर्तनांक 1.49. त्यावरचं पातळ आवरण साधारण 1.40 चं. त्यामुळे तिरका आलेला प्रकाश काठावरून पुन्हा आत परततो. हलक्या वळणानं यात फारसं काही बिघडत नाही. दूरवर संदेश नेण्यासाठी ते बनवलंय, म्हणजे वळणांकडे दुर्लक्ष करणं हाच त्याचा गुण. आपल्याला नेमकं उलट हवं. म्हणून सांध्यावर येणाऱ्या भागाची एकच बाजू बारीक पॉलिश पेपरनं घासून आवरण काढायचं. ही घासलेली बाजू वळणाच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे वर, आकाशाकडे ठेवायची. बोट मिटलं की प्रकाश तिथून बाहेर सांडतो आणि आकडा उतरतो. चुकून खाली ठेवलीत तर बोट मिटल्यावर आकडा वाढेल. एक बाजू घासल्याचा आणखी एक फायदा म्हणजे वळण कुठल्या दिशेला आहे तेही कळतं. न घासलेलं फायबर दोन्ही दिशांना सारखंच वागतं.

घासलेला भाग तीन सेंटिमीटर तरी ठेवा. बोट मिटताना त्याच्या पाठीवरची लांबी सेंटिमीटरभराहून जास्त वाढते. आपली कातडी ताणली जाते, फायबर ताणलं जात नाही. म्हणून ते दोन्हीकडे घट्ट बांधायचं नाही. सांध्याच्या पुढच्या बाजूच्या पट्टीला चिकटवायचं आणि मागे एका बारीक सिलिकॉन नळीतून मोकळं सरकू द्यायचं. घासलेला भाग लांब असला की सरकलं तरी सांधा त्याच्याखालीच राहतो. शिवाय पूर्ण वळण त्यात सामावलं की आकडा साधारण एकूण कोनावर चालतो. मग सांधा जाड की बारीक, याचा फरक कमी पडतो.

फायबर कुठून आणायचं? पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा. गणपतीच्या आराशीत छताला चांदण्या करतात ना, त्याचं टोकाला उजळणारं फायबर चालतं. अंगभर उजळणारं घेऊ नका, ते आधीच सगळीकडून गळतं. नाहीतर टीव्हीची जुनी ऑप्टिकल ऑडिओ केबल सोला, आत 1 मिलिमीटरचं हेच फायबर असतं. पहिल्या चाचणीला ते उत्तम. पण कायमसाठी 0.5 मिलिमीटरचं शोधा. 1 मिलिमीटरच्या फायबरला साधारण 25 मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण सोसत नाही आणि बोटाचा सांधा त्याहून कितीतरी आखूड वळतो. माझ्या पहिल्या पट्टीत तर्जनीच्या मधल्या सांध्यावर फायबर आधी पांढरट झालं आणि एका सकाळी तिथेच तुटलं. टोकं नव्या ब्लेडनं एका दाबात कापा आणि 600, 1000, 2000 अशा क्रमानं पॉलिश पेपरवर इंग्रजी आठ काढत घासा. टोक खडबडीत राहिलं तर पुष्कळ प्रकाश जोडावरच जातो.

दिवा लाल एलईडी, 650 नॅनोमीटरच्या आसपासचा, कारण ॲक्रिलिकमधून तो कमी शोषला जातो. फायबरच्या दुसऱ्या टोकाला फोटोट्रान्झिस्टर, म्हणजे आलेला प्रकाश मोजणारा सुटा भाग. दोन्ही जोड काळ्या हीट श्रिंक नळीत (तापवली की आवळून बसते ती) बंद करा आणि बोटावरच्या भागालाही काळं झाकण द्या, कारण जिथून प्रकाश सांडतो तिथूनच बाहेरचा आत शिरतो. तेवढ्यानं भागत नाही. आत्या खिडकीशी बसायची आणि ढग सरकला की करंगळी ‘हलायची’. उपाय साधा आहे. एलईडी लावून एकदा वाचा, विझवून एकदा वाचा आणि वजाबाकी करा. दोन्हींत मिलिसेकंदभर थांबा. बोटांच्या हालचालीला सेकंदाला 50 वाचनं पुष्कळ झाली, त्यामुळे आर्डुइनो, म्हणजे सेन्सर वाचणारा छोटा स्वस्त संगणक-बोर्ड, आरामात पुरतो.

आणि तुमच्या मूळ तक्रारीचं, म्हणजे आकडा सरकण्याचं औषध हे की एक फायबर जादा घ्या, न घासलेलं, कुठेही न वळणारं, त्याच एलईडीपासून निघून वेगळ्या फोटोट्रान्झिस्टरला जाणारं. एलईडी तापला की त्याचा प्रकाश उतरतो. दुपारी आणि पहाटे वेगवेगळे आकडे यायचं ते मोठं कारण. प्रत्येक बोटाच्या आकड्याला या जादा फायबरच्या आकड्यानं भागा. प्रकाश कमी झाला तर दोन्हीकडे कमी होतो, गुणोत्तर जागेवर राहतं. माझ्या कामात सर्वांत जास्त फरक या एका फायबरनं पडला. अर्थात घासलेलं फायबरही जुनं होतं आणि पट्टी रोज त्याच जागी बसत नाही. म्हणून रोज सुरुवातीला दोन नोंदी घ्या, एक हात टेबलावर ठेवून सहज उघडतो तेवढा उघडा, दुसरी सहज मिटतो तेवढा मिटलेला. महिन्यातून एकदा फिजिओथेरपिस्टकडून गोनिओमीटरनं (सांध्याचा कोन मोजायच्या पट्टीनं) खरे कोन मोजून घ्या. गुणोत्तराचा लॉगॅरिदम घेऊन कोनासमोर मांडलात तर बऱ्यापैकी सरळ रेषा मिळते. पण 90 अंशांचा बिंदू हवा म्हणून बोट जोरानं वळवू नका. 50 पर्यंत जात असेल तर 50 पर्यंतच.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले, ते. आत्याच्या आलेखात दोन आठवडे बोटं सरळ होत चालली होती. रोज दोन-तीन अंश. मी तो आलेख छापून तिच्या पलंगाशेजारी लावला, ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची. फिजिओथेरपिस्ट बाई आल्या, त्यांनी आलेख पाहिला आणि काही न बोलता तिच्या मनगटाखाली हात घालून ते सरळ केलं. चारही बोटं हळूहळू मिटली. मग मनगट खाली सोडलं, बोटं उघडली. पुन्हा वर, पुन्हा मिटली.

बोटं मिटवणाऱ्या आणि उघडणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या मनगटावरून जातात. मनगट खाली पडलं की मिटवणारी दोरी सैल होते, उघडणारी ताणली जाते आणि बोटं आपोआप सरळ होतात, मेंदूकडून काही निरोप न येता. हे तुमच्या-माझ्या हातातही होतं. आत्ता हात सैल सोडून मनगट वर-खाली करून बघा. आत्याचं मनगट त्या दोन आठवड्यांत जास्त लोंबायला लागलं होतं आणि माझी यंत्रणा तेच सुधारणा म्हणून दाखवत होती. फायबर खोटं बोलत नव्हतं, बोटं खरोखरच सरळ होती. तो आलेख मी तिच्यासमोर काढला. ती काही म्हणाली नाही, डाव्या हातानं उजवं मनगट वर उचलून धरून बघत राहिली.

म्हणून सहावं फायबर मनगटावरून न्या, तसंच घासलेलं, फक्त घासलेला भाग जरा लांब. आणि मोजताना कोपरापासून हात टेबलावर, मनगटाखाली टॉवेलची गुंडाळी, रोज तीच. मनगट ठरलेल्या जागेच्या पाच अंश इकडेतिकडे असेल तेव्हाचीच बोटांची वाचनं ठेवा, बाकीची टाकून द्या. पुष्कळ वाचनं जातील, जाऊ द्या. हे केल्यावर आत्याचा आलेख जवळजवळ सपाट झाला. पाचव्या आठवड्यात तर्जनीची रेषा चार अंशांनी वर सरकली आणि तिथेच टिकली. तेव्हा बाईंनीच मला हाक मारून दाखवली.

दुसरे पर्यायही तुम्ही विचारले होते. फायबर ब्रॅग ग्रेटिंग, म्हणजे ताणानुसार ठरावीक रंगाचा प्रकाश परत पाठवणारं खास फायबर, फार नेमकं असतं, पण ते वाचायचं यंत्रच काही लाखांचं, शिवाय तापमानालाही ते ताणाइतकंच हलतं. मनगटावर इन्फ्रारेड परावर्तन सेन्सरची माळ बांधून कातडीच्या चढउतारावरून बोटं ओळखतात, पण तिथे स्नायू नीट आकुंचन पावावे लागतात, आणि तुमच्या वडिलांची अडचण तीच आहे. कॉर्नेल विद्यापीठात रॉब शेफर्ड यांच्या गटानं ताणता येणारं पॉलियुरेथेनचं प्रकाशवाहक करून 2020 मध्ये त्याचा मोजा दाखवला. त्यात दोन गाभे असतात, एक स्वच्छ आणि एक ठिकठिकाणी रंग भरलेला, आणि बाहेर येणाऱ्या प्रकाशाच्या रंगावरून दाब किंवा ताण नेमका कुठे पडला ते कळतं. मला ते काम फार आवडतं. पण घरी ओतून बघायला गेलात तर बुडबुड्यांशीच महिनाभर भांडाल, तेवढा वेळ वडिलांच्या व्यायामाला द्या.

अंगठा. त्याच्या बुडाचा सांधा घोड्याच्या खोगिरासारखा आहे, तो एकाच रेषेत वळत नाही. दोन फायबर लागतात. एक अंगठ्याच्या पाठीवरून. दुसरं अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या बेचक्यावरून कमानीसारखं, अंगठा किती बाजूला उघडतो ते मोजायला. दुसऱ्यापासून कोनाची अपेक्षा धरू नका, कालच्यापेक्षा जास्त की कमी एवढंच त्यातून वाचा. आत्याच्या हातात पहिला उपयोगाचा बदल तिथेच दिसला, बेचक्यात पाण्याचा पेला बसण्याइतका.

पट्ट्या एका वेळी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. त्या हाताला रुतलेलं कळत नसेल, तेव्हा काढल्यावर प्रत्येक बोटाची कातडी उजेडात बघा. लाल खूण थोड्या वेळात गेली नाही तर तिथली पट्टी दुसऱ्या दिवशी बांधायची नाही. पहिल्या आठवड्याची वाचनं मनगटाच्या आकड्यांसह इथे टाका, मी बघते.