पाती बदलली, तरी थरथर का?

वाचकांचे प्रश्न : रेडिओ कंट्रोल हेलिकॉप्टरची पडझड आणि दुरुस्ती

प्रश्न : माझं ४५० वर्गातलं (रोटरचा व्यास साधारण ७० सेंटिमीटर) हेलिकॉप्टर जेमतेम मीटरभर उंचीवरून गवतावर कलंडलं. पाती आणि टेल बूम (शेपटीची नळी) दोन्ही नवे टाकले. तरी वेग वाढवला की सगळा सांगाडा थरथरतो आणि शेपूट एका जागी ठरत नाही. आता काय राहिलं?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : तुटलेलं दिसलं ते तुम्ही बदललंत, वाकलेलं आत तसंच राहिलं आहे. पात्याचं टोक जमिनीला लागतं तेव्हा धक्का पात्यातून ग्रिपमध्ये (पातं धरणारी पकड), तिथून फेदरिंग शाफ्टमध्ये (दोन्ही ग्रिप जोडणारी आडवी दांडी), मग हबमधून (रोटरचा मधला गाभा) मेन शाफ्टमध्ये (उभी मुख्य दांडी) आणि शेवटी मेन गिअरच्या (मोटरनं फिरणारं मोठं दातेरी चाक) दातांवर जातो. तपासणी याच क्रमानं करा, मधली पायरी गाळू नका.

सर्वात आधी मोटरच्या तीन वायरींपैकी दोन सोडवा, म्हणजे चुकून मोटर फिरणार नाही. मग फेदरिंग शाफ्ट बाहेर काढा आणि सपाट काचेवर बोटानं हळू लोळवा. काच आणि शाफ्ट यांच्यामधून उजेडाची फट कमीजास्त होताना दिसली, तर शाफ्ट वाकला. तो ठोकून सरळ करायच्या भानगडीत पडू नका. सरळ दिसला तरी पोलाद तिथं थकलेलं असतं, आणि पुढच्या उड्डाणात तो बोल्टच्या आट्यांपाशी तुटू शकतो. पाती जमिनीला लागली की हा शाफ्ट बदलायचाच, असा नियम ठेवा. दोन्ही टोकांचे बोल्टही नवे घाला.

मेन शाफ्टलाही हीच काचेची परीक्षा. तो सरळ निघाला तर मेन गिअर हातानं पूर्ण एक फेरा फिरवा आणि पिनियनपाशी (मोटरच्या दांडीवरचं छोटं दातेरी चाक) बघत राहा. एका जागी घट्ट आणि समोरच्या बाजूला सैल वाटला, तर गिअर वाकडा झालाय किंवा दात चेपलेत. नवा गिअर बसवताना वहीच्या कागदाची पट्टी दोघांच्या मध्ये धरून मोटर घट्ट करा. पट्टी बाहेर काढल्यावर तिच्यावर दातांची नागमोडी खूण उमटली पाहिजे, पण ती फाटता कामा नये. गिअरमधली वन-वे बेअरिंगही बघा: रोटर धरून गिअर फिरवला तर एका दिशेला लगेच अडकला पाहिजे, दुसऱ्या दिशेला मोकळा फिरला पाहिजे. दोन्हीकडे घसरत असेल तर ती गेली.

शेपटीचं कारण बहुधा वेगळं आहे. थरथर दोन प्रकारची असते. डोळ्यांना दिसणारं, जाडंभरडं हलणं वरच्या रोटरचं. शेपटीचा पंखा मात्र वरच्या रोटरच्या चार-पाच पट वेगानं फिरतो, त्यामुळे त्याचा दोष बारीक झिणझिणीसारखा येतो आणि उभ्या फिनची कड धूसर दिसते. तशी दिसत असेल तर शेपटीचा शाफ्ट, त्याच्या बेअरिंग आणि शेपटीची पाती तपासा. बेल्टचं मॉडेल असेल तर बेल्टचे सगळे दात बोटानं चाचपा. टॉर्क ट्यूब (बेल्टऐवजी शेपटीचा पंखा फिरवणारी नळी) असेल तर तीही काचेवर लोळवा. हे सगळं ठीक करण्याआधी गायरोचा (शेपूट स्थिर ठेवणारा सेन्सर) गेन, म्हणजे संवेदनशीलता, कमी करून शेपूट शांत करू नका. गायरो कंपनालाच हालचाल समजत असतो, आणि गेन कमी केला की आजार झाकला जातो.

शेवटी ट्रॅकिंग, म्हणजे दोन्ही पाती एकाच पातळीत फिरतात का हे बघणं. एका पात्याच्या टोकाला लाल टेप लावा, किमान दहा मीटर दूर उभे राहा आणि मदतनिसाला रोटरच्या पातळीत डोळे ठेवून लांबून बघू द्या. लाल टोक वर फिरत असेल तर त्याच्या लिंकला (पात्याचा कोन बदलणारी दांडी) एकेक वळसा देऊन दोन्ही टोकं एका रेषेत आणा.

प्रश्न : सारखं मोडतंय म्हणून धातूचं हेड, कार्बनची पाती आणि मेटल गिअर सर्व्हो (पात्यांचा कोन बदलणाऱ्या छोट्या मोटरी) लावायचा विचार आहे. फायदा होईल का?
— विद्यार्थी, दादर

उत्तर : शिकत असाल तर होणार नाही, उलट खर्च वाढेल. पडण्याची ताकद कुठेतरी जिरायला लागते. लाकडी पाती तुटून ती स्वतःत जिरवतात; कार्बनची पाती तुटायच्या आधी ती पुढे, शाफ्ट आणि गिअरपर्यंत पोहोचवतात. नायलॉनच्या ग्रिप लवचिक असतात आणि पडल्यावर पुन्हा आकारात येतात. ॲल्युमिनियमची ग्रिप वाकते आणि वाकलेली नजरेला कळत नाही. सर्व्होबद्दल मात्र माझं मत वेगळं. स्वॉशप्लेटच्या (सर्व्होची हालचाल फिरत्या पात्यांपर्यंत नेणारी तबकडी) सर्व्होचे दात प्रत्येक पडण्यात जात असतील तर मेटल गिअर घ्या, कारण एक दात गेलेला सर्व्हो हवेत हेलिकॉप्टर हातातून घालवतो. वीज बंद ठेवून सर्व्होचा हात अगदी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मध्ये खटका लागला की गिअर संच बदला.

भागांपेक्षा मोठा फरक पडतो थ्रॉटल होल्डनं, म्हणजे रिमोटवरच्या मोटर बंद करणाऱ्या स्विचनं. तोल गेला की पहिलं बोट त्या स्विचवर गेलं पाहिजे, हेलिकॉप्टर सावरण्याचा शेवटचा प्रयत्न करण्याआधी. ४५० चा रोटर मिनिटाला २८०० फेरे घेत असेल तर ७० सेंटिमीटर व्यासाच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे १०० मीटर, म्हणजे ताशी ३६० किलोमीटरच्या वर जातो. त्यावर मोटरही जोर लावत असेल तर गिअर सोलून निघतो आणि अडकलेल्या मोटरमुळे ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारं सर्किट) जळतो. होल्ड मारलेला असेल तर अनेकदा पाती आणि फेदरिंग शाफ्टवर भागतं. टेबलावर बसून डोळे मिटून तो स्विच शोधायचा सराव करा. याच्याइतका स्वस्त सुटा भाग दुसरा नाही.

प्रश्न : ग्रिप उघडल्यावर थ्रस्ट बेअरिंगच्या (पात्याची बाहेरची ओढ झेलणारी बेअरिंग) दोन चकत्या हातातून पडून मिसळल्या. दोन्ही सारख्याच दिसतात. कशाही बसवल्या तर चालतील?
— वाचक, बोरिवली

उत्तर : नाही. या स्तंभातला सर्वात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात. चकत्या सारख्या दिसल्या तरी भोकं वेगळी आहेत. एक फेदरिंग शाफ्टवर घट्ट बसते, दुसरी किंचित सैल. सैल, म्हणजे मोठ्या भोकाची चकती आत, हबच्या बाजूला. मध्ये गोळ्यांचा पिंजरा. घट्ट चकती बाहेर, बोल्टच्या बाजूला. दोन्हींच्या खाचा गोळ्यांकडे हव्यात. उलटं बसवलं तर बेअरिंग भार घेत नाही आणि ग्रिप घासायला लागते. हा भार किरकोळ नाही. साधारण २५ ग्रॅमचं पातं २८०० फेऱ्यांना ग्रिपला सुमारे ४० किलोच्या जोरानं बाहेर ओढतं. गोळ्यांना घट्ट ग्रीस भरा. बोल्टला मध्यम ताकदीचं निळं लॉकटाइट २४३ (आटे पकडून ठेवणारा गोंद) एक थेंब, त्याआधी आटे अल्कोहोलनं पुसून. हे लॉकटाइट फक्त धातूवर धातू असेल तिथंच. प्लास्टिकला लागलं तर ते तडकतं. पुढे बोल्ट सुटत नसेल तर सोल्डरिंग आयर्नचं टोक डोक्यावर काही सेकंद टेकवा, मग चावी लावा.

बेअरिंग खरखरीत वाटत असेल तर कंपनीच्या सुट्या भागाची वाट बघायची गरज नाही. मापं ठरलेली असतात: ६९५ म्हणजे आत ५, बाहेर १३, जाडी ४ मिलिमीटर. एमआर८५ म्हणजे ५, ८, २.५. व्हर्निअरनं मोजून नागदेवी स्ट्रीटच्या दुकानांत याच क्रमांकानं विचारा.

प्रश्न : जुहूच्या वाळूत पडलं, लाटेनं भिजलंही. आता?
— वाचक, अंधेरी

उत्तर : बॅटरी लगेच काढा आणि चालू होतंय का ते बघायचा मोह टाळा. खारं पाणी सुकलं की मीठ राहतं, आणि मुंबईच्या दमट हवेत ते पुन्हा ओलं होऊन तांबं आणि पोलाद खात बसतं. म्हणून त्याच दिवशी गोड्या पाण्यानं, मग डिस्टिल्ड पाण्यानं, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवा आणि पंख्याखाली दोन दिवस ठेवा. बेअरिंग सगळ्या टाकून द्या. धुतलेली बेअरिंग आठवड्याभरात गंजते. मोटरचं बाहेरचं भांडं काढून चुंबकांना चिकटलेले काळे कण चिकटपट्टीनं उचला, फुंकर मारू नका. भिजलेली लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) चार्ज करू नका.

प्रश्न : बॅटरीचा कोपरा चेपलाय, व्होल्ट बरोबर दाखवते. वापरू का?
— वाचक, ठाणे

उत्तर : नको. आत पडदा फाटलेला असेल तर आग तासाभरानंही लागते. पडल्यानंतर कोणतीही लायपो किमान तासभर मोकळ्या जागी, सिमेंटवर ठेवून बघा. चेपलेली किंवा फुगलेली बॅटरी घरात आणू नका.

दुरुस्तीनंतर पहिली चाचणी दोन्हीकडची पाती न लावता करा. फ्लायबारलेस युनिट (सेन्सरनं हेलिकॉप्टरचा तोल सावरणारं यंत्र) असेल तर हेलिकॉप्टरचं नाक हातानं खाली करा: स्वॉशप्लेट मागच्या बाजूला कलली पाहिजे. पुढे कलली तर दिशा उलटी आहे, ते हेलिकॉप्टर जमिनीवरून सुटताच उलटेल. ही परीक्षा ब्लॉकच्या हॉलमध्येही होते. बाहेर उडवायला नेण्याआधी मात्र त्या दिवशी पोलिसांचा मनाई आदेश लागू नाही ना, हे बघा. मुंबईत ड्रोन आणि रिमोट कंट्रोलच्या विमानांवर असे आदेश वेळोवेळी निघतात.