घरी सँडब्लास्टिंगला 2 एचपीचा कॉम्प्रेसर पुरेल का?

तुमचा प्रश्न असा: जुन्या येझदीची टाकी, मडगार्ड आणि रिम नाशिकला घरीच ब्लास्ट करायचे आहेत. दुकानदार 2 एचपी, 50 लिटर टाकीचा कॉम्प्रेसर दाखवतोय, 8 बार प्रेशर देतो म्हणतो. घ्यावा का?

नका घेऊ. मी घेतला होता. सिडकोतल्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये स्कूटर खोलून ठेवली होती, आणि मलाही हेच ऐकवलं होतं, "आठ बार आहे साहेब, कसलाही रंग उडवतो." उडवला की, वीस सेकंद. मग काटा घसरला, नोझलमधून ग्रिट, म्हणजे रंग उडवणारे बारीक कण, नुसतं गळायला लागलं आणि मी कॉम्प्रेसरची टाकी भरायची वाट बघत उभा. एका मडगार्डला अख्खा रविवार गेला. संध्याकाळी कॉम्प्रेसरच्या तापलेल्या हेडजवळ हात नेववत नव्हता.

प्रेशर कमी नव्हतं, हवा कमी होती. 8 बार तर पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसरही देतो. इथे लागते सतत वाहणारी हवा, ती मोजतात सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट, आणि ती किती लागणार हे नोझलचं भोक ठरवतं. 3 मिमीचं नोझल 80 पीएसआयला (साडेपाच बारला) साधारण 15-16 सीएफएम घेतं, म्हणजे मिनिटाला सव्वाचारशे-साडेचारशे लिटर. 2 एचपीचा पंप देतो जेमतेम दीडशे. 50 लिटरची टाकी 8 बारवरून 6 वर उतरते तेव्हा त्यातून 100 लिटर हवा निघते. तूट मिनिटाला तीनशेच्या आसपास, म्हणून ते वीस सेकंद. टाकी मोठी घेतली तर सेकंदांची मिनिटं होतील, तूट तेवढीच राहणार.

अजून एक मेख. प्लेटवर बहुतेक वेळा पिस्टन डिस्प्लेसमेंट, म्हणजे पिस्टन कागदावर ढकलतो तेवढी हवा, लिहिलेलं असतं. प्रत्यक्ष हवा त्याच्या साधारण 65 ते 75 टक्के मिळते. दुकानात एफएडी, म्हणजे प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा, विचारा. सांगता येत नसेल तर दुसरं दुकान बघा.

म्हणून आधी नोझल ठरवा, मग कॉम्प्रेसर. 2 मिमीच्या नोझलला 6-7 सीएफएम पुरतात, ते 3 एचपीचा बेल्टवाला देतो आणि तो सिंगल फेजवर चालतो. स्टार्टिंगला करंट दणकून घेतो, तेव्हा मीटरपासून स्वतंत्र जाड वायर ओढा, किचनच्या सॉकेटला लावू नका. 3 मिमीचंच नोझल हवं असेल तर 5 ते साडेसात एचपी, आणि त्यासाठी महावितरणकडे थ्री फेज मागावं लागेल. एका गाडीसाठी एवढा खटाटोप मला तरी पटत नाही.

नोझल झिजतं हेही धरून चाला. माझ्याकडे साधं सिरॅमिकचं आहे. अधूनमधून ड्रिल बिटची मागची बाजू आत घालून बघतो. 3 मिमीच्या भोकात 4 मिमीचं बिट गेलं की हवा पावणेदोनपट लागते, मग कॉम्प्रेसरला शिव्या देऊन उपयोग नाही.

पावसाळ्यात ब्लास्टिंग नकोच. नाशिकच्या जुलैत कॉम्प्रेसरच्या टाकीच्या ड्रेन कॉकमधून पाणी धारेने निघतं. ते नोझलपर्यंत पोचलं की ग्रिटचे गोळे होतात. वॉटर सेपरेटर पंपाला चिकटून लावू नका. मध्ये पाच-सहा मीटर लोखंडी पाइप उताराने फिरवा, हवा थंड होऊन पाणी आधीच सुटतं.

आणि नाव सँडब्लास्टिंग असलं तरी नदीची वाळू वापरू नका. त्या धुळीतल्या सिलिकाने सिलिकोसिस होतो, फुप्फुसं कायमची जातात. ब्रिटनने 1949 च्या नियमांनीच कास्टिंग साफ करायला वाळू बंद केली. गार्नेट किंवा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड आणा. तरीही तोंडाला रुमाल बांधून भागणार नाही, नीट बसणारा फिल्टरचा मास्क हवा.

एकच येझदी करायची असेल तर अंबडला किंवा सातपूरला जॉबवर्कवाल्याकडे द्या. टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढून, आतली वाफ जाईपर्यंत उघडी ठेवून, तोंड बंद करूनच न्या. मडगार्डचा पत्रा पातळ असतो, प्रेशर कमी ठेवायला सांगा, नाहीतर पत्रा लाटेसारखा वाकतो. प्रायमर त्याच दिवशी मारा. माझं मडगार्ड रात्रभर तसंच राहिलं होतं, सकाळी बोट फिरवलं तर तांबूस.