स्की बूट घेताय? आधी हे वाचा

नेहमीच्या बुटाचा नंबर विसरा. स्की बुटाचं माप म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. भिंतीला टाच टेकवून, पायावर भार देऊन उभं राहा आणि दोन्ही पावलं मोजा. बहुधा एक थोडं मोठं निघतंच.

मग बुटातलं मऊ अस्तर काढा आणि नुसत्या कवचात पाय घाला. बोटं पुढे जेमतेम टेकवा. टाचेमागे साधारण दीड ते दोन सेंटिमीटर जागा राहिली तर माप ठीक. २६ आणि २६.५ चं कवच बहुतेक वेळा एकच असतं, त्यामुळे अर्ध्या नंबरावर डोकं शिणवू नका.

अस्तर परत घालून बकल लावा. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे लागतील, घाबरू नका; गुडघे वाकवून नडगी पुढे दाबली की ती मागे सरकतात. टाच मात्र उचलली जाता कामा नये. प्रत्येक पायात मोजा एकच, पातळ. (मी पहिल्या वर्षी दोन जाड मोजे चढवले होते. पाय गारठले ते गारठलेच.)

पंधरा-वीस मिनिटं घालून बसा. घट्ट वाटणं चालेल, मुंग्या येणं नाही. अस्तर वापराने दबतं, कवचही एखाद्या जागी रुंद करून मिळतं. मोठा बूट लहान मात्र होत नाही.