पोटॅशियम वाढतं म्हणून बाबांचं फिरणं बंद करायचं का?

ताई, तुमचं म्हणणं असं: बाबांना सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागायचा फुप्फुसाचा जुनाट आजार) आहे, नागपूरच्या अंबाझरी तलावाला फिरताना धाप लागते, रक्ताच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम 5.4, म्हणजे थोडं जास्त, आलं आणि भाचा म्हणून राहिला की व्यायामाने पोटॅशियम वाढतं, त्यानेच धाप लागते, तेव्हा फिरणं बंद करा. त्याची पहिली गोष्ट खरी, दुसरी अर्धी खरी, तिसरी पार उलटी. मी डॉक्टर नाही, छातीच्या ओपीडीला जोडलेल्या लॅबमध्ये नोकरी केली, तेवढं धरून वाचा.

शरीरातलं जवळपास 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. स्नायू आकुंचन पावला की थोडं बाहेर रक्तात येतं. धडधाकट माणूस जिवाच्या आकांताने पळाला तर त्याचंही 6 च्या वर जातं, आणि थांबला की काही मिनिटांत खाली येतं, कारण पेशींचे पंप ते परत आत ओढतात. मानेतल्या मोठ्या धमनीला फाटा फुटतो तिथे तांदळाच्या दाण्याएवढी एक गाठ असते, कॅरोटिड बॉडी. रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की ती श्वास वाढवायला सांगते, आणि पोटॅशियम वाढलं तरी चाळवते. पूर्वी सगळं खापर लॅक्टिक अॅसिडवर फुटायचं. पण मॅकआर्डल नावाच्या आजारात स्नायूंना ते बनवताच येत नाही, तरी त्या रोग्यांचा श्वास व्यायामात वाढतोच. म्हणजे इशारे अनेक आहेत, पोटॅशियम त्यातला एक.

सीओपीडीत अडचण अशी की घरी बसून बसून मांड्यांचे स्नायू ढिले पडतात आणि थोड्याच श्रमात थकतात. वरून ऑक्सिजन कमी असेल तर ती गाठ पोटॅशियमला जास्तच दाद देते, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. इशारा जोरात येतो, पण फुप्फुसात आधीची हवा अडकलेली, नवी घ्यायला जागा नाही. तीच धाप. नियमित चालण्याने स्नायूंच्या पेशींचे ते पंप सुधारतात, तेवढ्याच श्रमाला पोटॅशियम कमी चढतं. फिरणं बंद केलं तर मांड्या आणखी ढिल्या पडतील.

आता 5.4 चं बघू. लॅबमध्ये रोज दिसायचं: माणूस जिना चढून धापा टाकत येतो, लगेच खुर्चीत बसतो, दंडाला पट्टा आवळला जातो आणि शीर सापडावी म्हणून मूठ उघडझाप करायला सांगतात. त्या मुठीनेच पोटॅशियम वर जातं. सुईतून रक्त ओढताना तांबड्या पेशी फुटल्या तरी तेच. म्हणून दहा-पंधरा मिनिटं बसवून, मूठ न आवळता, क्रिएटिनिनसोबत (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) पुन्हा तपासा. उलट, श्वास मोकळा करणाऱ्या सॅल्ब्युटामॉल औषधाचा तोंडाने ओढायचा पंप किंवा नेब्युलायझर घेतल्यावर पोटॅशियम पेशींत ढकललं जाऊन रिपोर्ट खाली येतो, तेव्हा शेवटचा डोस कधी घेतला तेही डॉक्टरांना सांगा. दुसऱ्यांदाही वाढलेलं निघालं तर दोन दिवस वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा, आणि 6 च्या वर असेल तर त्याच दिवशी ईसीजी.

फिरायचं कसं? सपाट रस्ता, दोन शब्द बोलता येतील एवढा वेग, ओठ चंबू करून सावकाश श्वास सोडायचा, बाक दिसला की टेकायचं. मे महिन्यात उन्हं चढायच्या आधी, आणि थंडीत शेकोट्यांचा धूर असेल त्या दिवशी घरच्या व्हरांड्यातच. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन 88 टक्क्यांच्या खाली गेला, छातीत दुखलं किंवा चक्कर आली की थांबा. सीओपीडीसाठी चालण्याचा रीतसर कार्यक्रम असतो, पल्मनरी रिहॅबिलिटेशन म्हणतात, त्याबद्दल छातीच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

संत्री बंद करू का, असंही विचारलंत. क्रिएटिनिन ठीक असेल तर एखाद्या संत्र्याने काही बिघडत नाही. त्यापेक्षा बीपीची गोळी टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन आहे का, आणि घरात कमी सोडियमचं मीठ आलंय का ते आधी बघा. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि या गोळ्यांसोबत ते भारी पडतं. पाकीट उलटवून वाचा आणि गोळ्यांची नावं इथे टाका, मग पुढचं सांगतो.